पाणी ओतून टाका म्हणतात, पण बेटावर पाणी ओतायचं तरी कुठून?

समुद्रकाठी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, आधीच माफी मागते. आम्ही गेली सहा वर्षं एका छोट्या बेटावर राहतोय, नवऱ्याच्या नोकरीमुळे. बेटाचं नाव देत नाही कारण वस्ती एवढीशी आहे की कोण लिहितंय ते दोन मिनिटांत कळेल. इथे नदी नाही, विहिरी खाऱ्या, जे काय पाणी ते पावसाचं, छपरावरून पन्हळीतून खाली टाकीत येतं आणि तेच वर्षभर पुरवायचं. आणि सध्या चिकुनगुनिया आलाय. आलाय म्हणजे काय, गेल्या महिन्यात एक घर होतं आता आमच्या रांगेत एक घर सोडून एक असं झालंय, धक्क्यावर माणसं भेटतात ती भिंत धरून चालताना भेटतात.

नवरा चार दिवस झोपून आहे. ताप १०३ पर्यंत गेलेला, काल उतरला, पण मनगटं आणि घोटे असे सुजलेत की चहाचा कप दोन हातांनी धरतोय. आरोग्य केंद्र एकच, तिथे रक्त घेतलं पण ते बोटीने पलीकडे जातं, रिपोर्ट आठवड्याने. घरात सासूबाई आहेत, ७१ वय, बीपी आणि शुगर दोन्ही. शेजारची मुलगी, धाकट्या बहिणीसारखीच आहे मला, तिचा नववा महिना चालू आहे आणि तिचं अर्धं आयुष्य आमच्याच ओसरीवर जातं.

आता मुद्दा असा की भोंग्यावरून रोज सांगतात साठवलेलं पाणी ओतून टाका, कोरडा दिवस पाळा. अहो पण आमचं सगळंच पाणी साठवलेलं आहे ना! ५००० लिटरची सिमेंटची टाकी आहे, तीन निळी पिंपं, बाथरूममधल्या बादल्या. पुढचा पाऊस कधी ते माहीत नाही. ओतून टाकलं तर प्यायचं काय? दुसरं म्हणजे धुराचं मशीन दोनदा येऊन गेलं, पहिल्यांदा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी डास जसेच्या तसे. तिसरं, समोरचे एक काका चांगल्या मनाने त्यांच्या सांधेदुखीच्या गोळ्या देऊन गेलेत, जोरदार आहेत म्हणे, त्या ह्यांना द्याव्यात का? आणि त्या मुलीला घरी येऊ द्यावं की नको? कुणाला खरंच अनुभव असेल तर सांगा, फॉरवर्ड नकोत, ते खूप आलेत.

कोपऱ्यातला_कावळा

पपईच्या पानांचा रस, सकाळ संध्याकाळ दोन दोन चमचे. आमच्याकडे तिघांना दिला तिघे बरे झाले. प्लेटलेट धडाधड वाढतात.

नर्सताई

समुद्रकाठी ताई, आधी त्या गोळ्या बाजूला ठेवा. मी १५ वर्षं वॉर्डात आहे आणि साथीच्या दिवसांत हा एक गोंधळ दरवेळी बघते. चिकुनगुनिया आणि डेंग्यू दोन्ही एकाच डासाने पसरतात, एकाच मोसमात, एकाच गल्लीत, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत नुसतं बघून ओळखणं डॉक्टरलाही अवघड जातं. सांधे सुजले म्हणजे चिकुनगुनियाच असणार हा अंदाज बरोबर निघेलही, पण रिपोर्ट येईपर्यंत डेंग्यू धरून चालायचं. डेंग्यूमध्ये आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन असलं काही पोटात गेलं तर रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून फक्त पॅरासिटामॉल, दोन डोसमध्ये सहा तासांचं अंतर, मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर अजिबात नाही, आणि यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी, ते डॉक्टरला विचारून. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा, लोक दोन्ही घेतात आणि त्यांना कळतही नाही. स्टेरॉईड तर सुरुवातीला स्वतःच्या मनाने कुणी घेऊ नये.

काल ताप उतरला म्हणालात ना, इथेच जास्त लक्ष ठेवा. डेंग्यू असेल तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस धोक्याचे, माणूस बरा वाटायला लागतो आणि घरचे निवांत होतात. पोटात जोरात दुखणं, परत परत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, खूप सुस्ती किंवा उलट अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळच्या बोटीची वाट बघू नका, रात्रीच हलवायची सोय बघा. ती सोय काय आहे, कुणाची बोट, कोण चालवणार, हे आजच ठरवून ठेवा. पाणी, ओआरएस, पेज, जे जाईल ते थोडं थोडं देत राहा आणि लघवी दर पाच-सहा तासांनी होतेय का बघा.

कावळेबुवा, राग मानू नका पण प्लेटलेट हा आकडा लोकांच्या डोक्यात नको इतका बसलाय. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होतं आणि बीपी पडतं म्हणून. तुमचे तिघे बरे झाले ते बहुतेक तसेही झालेच असते. रसाने उलट्या सुरू झाल्या तर मात्र आहे तेवढंही पाणी अंगातून जाईल.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. आजारी माणसाला दिवसा मच्छरदाणीत झोपवा. पहिल्या आठवड्यात त्याच्या रक्तात विषाणू असतो, त्याला चावलेला डास मग सासूबाईंना आणि त्या मुलीला चावणार.

समुद्रकाठी

दिवसा?? आम्ही रात्री लावतो आणि सकाळी गुंडाळून ठेवतो.

नर्सताई

हो दिवसा. हा डास उजेडातला आहे, सकाळी उठल्यावरचे दोन-तीन तास आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी सगळ्यात जास्त. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक दुसरा. पायावर काळे-पांढरे पट्टे असलेला, आवाज न करता पाठीमागून येऊन घोट्याला चावतो तो हा. रात्रीचीही काढू नका, लाइट चालू असेल तर रात्रीही चावतो.

अळीमारे_काका

हिवताप विभागात २६ वर्षं काढली, निवृत्त होऊन सात झाली, अजून कुणाच्या घरी गेलो की आधी फ्रिजच्या मागचा ट्रे बघतो, बायको चिडते. तर पाण्याचं मी सांगतो.

पोरी, कोरडा दिवस म्हणजे पाणी फेकून देणं असा अर्थ लोकांनी करून घेतलाय आणि आम्हीही भोंग्यावरून तसंच ओरडत आलो हे कबूल. नळ असलेल्या गावात ते चालून जातं. तुझ्याकडे पाणी फेकायची गरज नाही. पिंपातलं पाणी चौपदरी सुती फडक्यातून दुसऱ्या पिंपात गाळून घे. फडक्यात अळ्या राहतील, ते फडकं उन्हात कोरड्या जमिनीवर झटक, मरतात. मग रिकामं झालेलं पिंप आतून काथ्याने किंवा ब्रशने घास, आणि घासणं हेच खरं काम आहे, कारण ही मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवते. काळी, मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक, मळ वाटतो. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच चिकटून राहतात, सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पाऊस पडून पाणी वर चढलं की फुटतात. म्हणूनच माणसं म्हणतात आम्ही तर उन्हाळाभर पिंप कोरडं ठेवलं होतं मग हे आले कुठून. घासायला समुद्राचं पाणी वापर, गोडं वाया घालवू नको, शेवटी फक्त एक तांब्या गोड्या पाण्याने खंगाळ. आठवड्यातून एकदा, वार ठरवून. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे सात दिवसांच्या आत एकदा मोडलं की त्या पिंपातून डास उडत नाही.

टाकी घासता येणार नाही, तिचं वेगळं. टाकीचं झाकण सगळ्यांचं लावलेलंच असतं, पण टाकीला तोंडं किती आहेत ते मोज. माणूस उतरायचं भोक एक, पन्हळीचा पाइप येतो ते दुसरं, जास्तीचं पाणी बाहेर जायचं तिसरं, हवेची नळी असली तर चौथं. या चारही ठिकाणी मच्छरदाणीसारखी बारीक जाळी पाहिजे, भोक १.२ मिलिमीटरच्या आत, आणि ती तारेने आवळून. झाकण सिमेंटचं असेल तर ते कधीच घट्ट बसत नाही, कड्याला जुन्या ट्यूबचं रबर चिकटव किंवा वरून जाळीचं कापड टाकून दोरीने बांध. लोक झाकणावर दगड ठेवतात आणि खूश होतात, डासाला दोन मिलिमीटरची फट म्हणजे वेशीचा दरवाजा.

टाकीत औषध टाकायचं तर आरोग्य केंद्रात अबेट मिळतंय का विचार, टेमेफॉसचे १ टक्क्याचे वाळूसारखे दाणे येतात, १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुझ्या भरलेल्या टाकीला ५०० ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने हे प्रमाण मान्य केलेलं आहे, वास येतो थोडा, लोक कुरकुर करतात. बीटीआयच्या वड्या मिळाल्या तर त्याही चालतात, तो एक जिवाणू आहे, अळीच्या पोटात जाऊन तिला मारतो, माणसाला काही करत नाही. पाकिटावर पिण्याच्या पाण्यासाठी असं लिहिलेलं बघूनच घे. रॉकेल, जळकं ऑइल असलं काही पिण्याच्या टाकीत टाकू नको, हे सांगावं लागतं कारण एकाने टाकलेलं मी पाहिलंय. गप्पी मासे बंद टाकीत सोडायला हरकत नाही, ओढ्या-तळ्यात मात्र बेटावर अजिबात सोडू नका, तिथले मूळचे छोटे मासे खाऊन टाकतात आणि बेटावर जे संपलं ते परत येत नाही.

आता तुझ्या धुराच्या मशीनचं. धूर फक्त उडत असलेल्या डासाला लागतो आणि हवेत असेतोवरच. हा डास बसतो कुठे, तर पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या शर्टात. आणि मशीन आलं की आपण काय करतो, खिडक्या लावून घेतो! धूर बाहेर, डास आत. अळ्या आणि कोष यांना धुराचा पत्ताही नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी नवी तुकडी बाहेर. साथ भडकलेली असताना मोठे डास मारायला त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही, पण मग सकाळी किंवा संध्याकाळी, खिडक्या दारं उघडी ठेवून, जेवण पाणी झाकून, माणसं आणि जनावरं बाहेर काढून. दुपारी १२ ला आलेलं मशीन म्हणजे फोटोसाठी आलेलं.

अजून एक सांगतो आणि थांबतो. हा डास लांब जात नाही, बहुतेक जन्म १०० - २०० मीटरमध्येच काढतो. म्हणजे तुझ्या घरात जो चावतोय तो तुझ्या किंवा शेजारच्या चार-सहा घरांतलाच आहे. शिडी लावून एकदा छपरावर चढ, किंवा कुणाला तरी चढव, आणि पन्हळीत बघ. छपरावर कुणी बघत नाही.

समुद्रकाठी

काका 🙏 वाचता वाचता टाकीची तोंडं मोजली, पाच निघाली. पाचवं कशाचं आहे ते घरात कुणालाच माहीत नाही. उद्या शिडी आणते.

वाचनमात्र_होतो

इतकी वर्षं नुसता वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. एक प्रश्न, चिकुनगुनिया एकदा झाला की परत होत नाही असं ऐकलंय. मग बेटावर सगळ्यांना एकदाचा होऊन जाऊ दे ना, कटकट संपेल? एवढी धावपळ कशाला?

तांडेल_निवृत्त

यावर मी बोलतो. मी मालवाहू जहाजावर होतो, हिंदी महासागरातली बेटं ओळखीची, २००६ च्या सुरुवातीला आम्ही रियुनियनला लागलो होतो तेव्हाचं बंदर अजून आठवतं. माल उतरवायला माणसंच नाहीत. जे होते ते वाकून चालत होते. नंतर कळलं की चिकुनगुनिया हा शब्दच पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला, वाकून आखडलेला असा काहीसा अर्थ, १९५२-५३ मध्ये आताच्या टांझानियात साथ आली तेव्हा पडलेला.

त्या बेटावर काय झालं ते सांगतो म्हणजे 'होऊन जाऊ दे' चा हिशेब कळेल. मार्च २००५ मध्ये तिकडच्या कोमोरोस बेटांवरून आला. मे मध्ये थोडा वाढला, मग त्यांची थंडी आली, केसेस एकदम कमी, सगळ्यांना वाटलं गेला. डिसेंबरात पाऊस सुरू झाला आणि २००६ च्या फेब्रुवारीत एकेका आठवड्यात ४० हजारांच्या वर नवीन आजारी. एकूण सुमारे २ लाख ६६ हजार, म्हणजे बेटावरचा तीनातला एक माणूस. तोपर्यंत हा आजार जीव घेत नाही असं पुस्तकात होतं, तिथे अडीचशेच्या आसपास मृत्यूंच्या दाखल्यांवर चिकुनगुनिया लिहिला गेला, बहुतेक म्हातारी आणि आधीच आजारी माणसं. विषाणूत एक छोटा बदल झाला होता, त्यामुळे तिथला टायगर डास, म्हणजे आपल्या या नेहमीच्या डासाचा, एडिस इजिप्तीचा, चुलतभाऊ, तो त्याला फार पटकन वाहून न्यायला लागला.

आणि 'कटकट संपेल' म्हणता, तर ज्यांना झाला त्यांना परत सहसा होत नाही हे खरं, पण बेटावर दरवर्षी मुलं जन्मतात, बाहेरची माणसं राहायला येतात. त्याच रियुनियनवर २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत सुरू झाला आणि २०२५ मध्ये तपासून पक्क्या झालेल्या केसेसच ५४ हजारांच्या वर गेल्या. बेट म्हटलं की माणसं दाट, डास दाट, वारा सोडला तर बाहेर जायला वाट नाही. पॅसिफिकमध्ये याप म्हणून इवलंसं बेट आहे, ७ हजारांच्या आसपास वस्ती, २००७ मध्ये झिका, म्हणजे डासांनीच पसरणारा दुसरा एक विषाणू, आला आणि तीन वर्षांवरच्या ७३ टक्के लोकांना लागण होऊन गेली, निम्म्यांहून जास्त लोकांना कळलंसुद्धा नाही.

नर्सताई

तांडेल दादांनी चिकुनगुनियाचं सांगितलं, मी डेंग्यूचं जोडते कारण त्याचा नियम उलटा आहे. डेंग्यूचे चार प्रकार. एक झाला की त्या एकापुरतं संरक्षण, दुसऱ्या प्रकाराने दुसऱ्यांदा झाला तर जास्त गंभीर होण्याची शक्यता. क्युबाचं उदाहरण आम्हाला शिकवायचे, तेही बेटच. १९७७ मध्ये पहिला प्रकार येऊन गेला, सौम्य. चार वर्षांनी १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला, ३ लाख ४४ हजारांच्या वर आजारी आणि १५८ मृत्यू, त्यात १०१ मुलं. तेव्हा 'होऊन जाऊ दे' असं निदान ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याने म्हणू नये.

आता त्या नववा महिनावाल्या मुलीबद्दल, ताई तुमचा हा प्रश्न मघाशी राहिला. डास आईला चावला आणि बाळंतपणाच्या वेळीच तिच्या रक्तात विषाणू असला, म्हणजे कळा यायच्या आधीचे दोन-तीन दिवस ते नंतरचे एक-दोन, तर बाळाला जायची शक्यता फार मोठी असते, रियुनियनवर अशा जवळजवळ निम्म्या बाळांना झाला होता आणि त्यात मेंदूपर्यंत गेलेलेही होते. सिझेरियनने हे टळत नाही. आधीच्या महिन्यांत झाला तर बाळाला धोका कमी. म्हणजे तिचे हे पुढचे तीन-चार आठवडे सगळ्यात सांभाळायचे आहेत. ह्यांचा ताप सुरू झाल्यापासून आठवडा होईपर्यंत तिला तुमच्या ओसरीवर येऊ देऊ नका, वाईट वाटलं तरी. तिने पूर्ण बाह्या, पायात मोजे, आणि डीईईटी (डास दूर ठेवणारं औषध) २० ते ३० टक्के असलेलं क्रीम लावावं, गरोदरपणात पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वापरलं तर चालतं. उन्हाचं क्रीम लावत असेल तर ते आधी, हे वरून. घरचं निलगिरीचं तेल, कापूर वगैरे अर्धा तास टिकतं, भरवसा ठेवू नका. तिला ताप आला तर त्याच दिवशी पलीकडे मोठ्या दवाखान्यात, आणि ती तापात बाळंत झाली तर बाळाला आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा कारण बाळाला ताप, दूध न ओढणं हे तिसऱ्या ते सातव्या दिवसात दिसतं, तोपर्यंत सगळे घरी पोचलेले असतात. अंगावरचं दूध बंद करायचं कारण नाही.

कोपऱ्यातला_कावळा

बरं बाई, रस मागे घेतो. पण लस का नाही आणत कुणी? पेपरात वाचलं होतं लस आली म्हणून.

नर्सताई

आली आहे. पहिलीला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची. २०२५ मध्ये रियुनियनच्या साथीत दिली तेव्हा वयस्क लोकांत गंभीर त्रास झाले, काही दगावले, म्हणून फ्रान्सने ६५ च्या वरच्यांना थांबवली, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने तिचा परवानाच स्थगित केला. दुसरी एक आहे, फेब्रुवारी २०२५ मधली, तिच्यात जिवंत विषाणू नाही. सासूबाईंसाठी किंवा त्या मुलीसाठी लस हा विषय डॉक्टरबरोबरच, इथे नाही. आणि तुम्ही ऐकलंत त्याबद्दल तुम्हाला एक चहा 🙂

समुद्रकाठी

तीन दिवसांनी लिहितेय. काका, तुमच्या पाया पडते. शिडी लावून धाकटा चढला वर (मला चढू दिलं नाही) आणि वरून ओरडला, आई इथे तर तळं आहे! आमची पन्हळ मधोमध खाली झुकलीय, मागच्या वादळात एक कडी निसटली असणार, त्यात सुकलेली पानं आणि हातभर लांब पाणी साचलेलं आणि ते नुसतं वळवळत होतं. आम्ही महिनाभर खाली बादल्या उलट्या करत होतो आणि कारखाना डोक्यावर. शेजारच्या चार घरांच्या पन्हळी बघितल्या, त्यातल्या तीन तशाच. टाकीचं पाचवं भोक जुन्या पंपाचं निघालं, बोळा कोंबून सिमेंट लावलं.

धक्क्यावर उलट्या ठेवलेल्या होड्या ठीक आहेत पण सुलट्या ठेवलेल्या सहा होत्या, सगळ्यांत पाणी. एकाचं म्हणणं माझ्या होडीला हात लावायचा नाही, मालक मुख्य जमिनीवर आहे. आता परवानगी घेत बसायचं की काय? रात्री दोघा-चौघांनी जाऊन कलती केली, बस.

ह्यांचा रिपोर्ट आला, चिकुनगुनियाच, डेंग्यू नाही. नर्सताई, आता त्या समोरच्या काकांच्या गोळ्या चालतील का?

नर्सताई

डेंग्यू नाही हे पक्कं झालं आणि ताप जाऊन दोन-तीन दिवस झाले तर सांध्यांसाठी त्या प्रकारची गोळी डॉक्टर देतात, पण ह्यांच्या किडनी आणि पोटाचं बघून ह्यांच्यासाठी लिहिलेली, समोरच्या काकांची नव्हे. सकाळचं आखडणं महिनाभर तरी धरून चाला, काहींचं वर्षभर रेंगाळतं, चाळिशीनंतर जास्त. पूर्ण झोपून राहू नका, कोमट पाण्यात बोटं उघडझाक करा. नोकरीवर जड काम असेल तर आत्ताच चिठ्ठी घेऊन ठेवा, नंतर कुणी विश्वास ठेवत नाही कारण बाहेरून माणूस धडधाकट दिसतो.

अळीमारे_काका

पन्हळीला कडी लावताना उतार नळीच्या बाजूला आहे ना ते पाणी ओतून बघ, दोरीने नको, डोळ्याने नको. आणि सेप्टिक टाकीची हवेची नळी राहिली बघ. पोर्तो रिकोमध्ये तपासलं तेव्हा सेप्टिक टाक्यांतून या डासाची मोठी पैदास सापडली, कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिलाही जाळी.

वाचनमात्र_होतो

माझा प्रश्न मूर्खासारखा होता, मान्य. पण त्यामुळे आमच्या सोसायटीच्या टाक्या बघून आलो. वरच्या टाकीला झाकणच नाही, तीन वर्षं मेंटेनन्स भरतोय 😐

समुद्रकाठी

महिन्याने शेवटचं अपडेट देते, कुणी नंतर वाचणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून. आमच्या रांगेत गेल्या १२ दिवसांत नवीन ताप नाही. खालच्या वाडीत अजून आहे, तिथे पन्हळी कुणी बघितल्या नाहीत, सांगायला गेले तर तुम्ही कोण विचारणाऱ्या असं झालं, परत जाणारे. दर रविवारी सकाळी पिंपं गाळायची आणि घासायची, सासूबाईंनी हे खातं स्वतःकडे घेतलंय, फडकं उन्हात झटकून मोजतात आज किती मेले. गेल्या रविवारी शून्य आले तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटलं. त्यांना झाला नाही अजून, लाकूड हातात धरून लिहितेय.

शेजारणीला मुलगी झाली, पलीकडे जाऊन, ताप नाही काही नाही, दोघी बऱ्या आहेत. तिला ओसरीवर येऊ नको म्हटलं होतं तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती.

ह्यांना अजून बाटलीचं झाकण उघडता येत नाही, सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून आडवे आडवे उतरतात. कामावर अर्धा दिवस जातात.

काका एक विचारायचं होतं, टाकीला लावलेली लोखंडी जाळी खाऱ्या वाऱ्याने तीन आठवड्यांतच गंजून भोकं पडायला लागलीत, काय करू?

अळीमारे_काका

लोखंडी लावलीस होय. नायलॉनची लाव, मच्छरदाणीच्या दुकानात मीटरवर मिळते, फायबरचीही चालेल. दुहेरी घाल आणि तार पण प्लास्टिकच्या वेष्टणाची घे, नाहीतर जाळी राहील आणि तार तुटेल.